अप्पा मान्यांचा पुरावा

अप्पा माने कोथिंबिरीचंही बिल मागतात. थट्टा नाही करत. आमच्या ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या गल्लीत भाजीचा ठेला आला की अप्पा चष्मा कपाळावर चढवून बाहेर येतात, जुडी उलटीपालटी करून बघतात आणि म्हणतात, "भैया, ताज़ी बोला है ना? तो लिख के दो." ठेलेवाला बिचारा हात जोडतो. आता तर तो आमच्या गल्लीत शिरतच नाही, आणि आम्हा सगळ्या बायकांना भाजीसाठी कोपऱ्यापर्यंत धावावं लागतं.

माने घराणं एके काळी फौजेतलं. अप्पांच्या वाट्याला तलवार काही आली नाही. वीज खात्यात घरोघर मीटर तपासायची नोकरी आली. लोक काय काय लपवतात हे जन्मभर बघून त्यांचा माणसांवरचा विश्वास पार उडाला. "सांगितलं काय अन् दिलं काय?" हे त्यांचं पालुपद. शिंप्यानं पायजमा आखूड शिवला तरी तेच, आमटी पातळ झाली तरी तेच. काकू होत्या तोवर त्या "करा तक्रार कुठे करायची ती" म्हणून त्याच आमटीचा आणखी एक डाव वाढायच्या. काकू जाऊन आता तीन वर्षं झाली. मुलगा-सून बंगळूरला. रविवारी फोन येतो.

मी त्यांची शेजारीण. भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे अप्पांची सगळी प्रकरणं मला फुकटात ऐकायला मिळतात. पण गेल्या भाद्रपदात जे सुरू झालं त्यात मी स्वतःच अडकले.

अप्पांनी नया बाजारातल्या एका दुकानात गणपती खास सांगून करवून घेतला. शाडूची माती, डावी सोंड, डोक्याला शिंदेशाही पगडी. सगळं बिलावर लिहवून घेतलं, हे सांगायला नकोच. गणपती आला तोही देखणा. दहा दिवस आरत्या झाल्या, उत्तरपूजा झाली आणि घरीच टबात विसर्जन केलं. शाडूचा गणपती सकाळपर्यंत विरघळून जातो. हा सकाळी टबात ऐटीत बसलेला! दुसऱ्या दिवशीही तसाच. पगडीचा रंग जरा उतरला आणि आतलं पांढरंफेक प्लास्टर दिसायला लागलं.

अप्पा तडक दुकानात. मागोमाग मी, कारण त्यांना रक्तदाब आहे.

दुकानदार म्हणाला, "अंकल, ऑर्डर का माल वापस नहीं होता. बिल पे छपा है."

"पसंद नहीं आया करके लौटाता, तो तुम सही थे," अप्पा कडाडले. "मिट्टी बोलके प्लास्टर दिया, तो तुम्हारा छपा हुआ किस काम का?"

मुद्दा अगदी बिनतोड होता. पण दुकानदार हसला आणि म्हणाला, "भगवान को भी वापस करोगे क्या?" झालं! त्या हसण्यानं त्याचा घात केला. अप्पांनी ग्राहक आयोगात तक्रार ठोकली. एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून प्रतिनिधी म्हणून माझं नाव घातलं, मला न विचारता.

गुरुजींनी समजावलं, "अप्पा, उत्तरपूजा झाली, देव गेला. आता ही नुसती मूर्ती. महापालिकेची गाडी येते, तिच्यात देऊन टाका."

"देव गेला असता तर विरघळला असता," अप्पा म्हणाले. "आणि हा पुरावा आहे. पुरावा गाडीत टाकतात का?"

मूर्ती टॉवेलानं पुसून बैठकीतल्या स्टुलावर आली आणि त्या दिवसापासून गणपतीचं नाव पुरावा पडलं. माझी मुलगी जेवताना विचारायची, "आई, अप्पांचा एविडेन्स आज क्या खाएगा?" कारण नैवेद्य आमच्याच घरून जायचा. मी चिडून म्हटलं, "अप्पा, पुराव्याला नैवेद्य कशाला?" तर म्हणे, "मी जेवतोच आहे, त्याच्यापुढे चमचाभर ठेवलं तर तुझं काय जातं?" त्या चमचाभराला रोज वाटीभर लागायचं, हे वेगळं.

हिवाळ्यात ग्वाल्हेरची थंडी पडली तशी पुराव्याच्या गळ्यात मफलर आला. "गारठ्यानं तडा गेला तर केस कच्ची होईल," अप्पा म्हणाले. उन्हाळ्यात कूलरचं तोंड स्टुलाकडे वळलं. त्यालाही कायद्याचं कारण तयार होतं. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. मीटरचं रीडिंग, भेंडीचा भाव, मुलाचा फोन आला की नाही आला. विचारलं तर म्हणे, "केसची उजळणी करून राहिलो होतो."

इकडे दुकानदाराचा नूर कधीच उतरला होता. दुसऱ्याच तारखेला तो कबूल झाला. पैसे परत, चूक झाल्याचं लेखी, वर खऱ्या मातीची नवी मूर्ती. फक्त जुनी परत द्या, म्हणजे तो ती दाखवून त्याच्या कारागिराला जाब विचारणार. अप्पांनी तारीख मागितली. पुढच्या वेळी कबुलीजबाबातला एक शब्द पटला नाही. त्यापुढच्या वेळी सहीची शाई पटली नाही. साधारणपणे ज्याच्यावर केस असते तो तारखा मागतो. इथे तक्रारदारच मागतोय, आणि मी प्रत्येक वेळी शाळेतून अर्धी रजा काढून त्यांना स्कूटरवर घेऊन चकरा मारतेय!

मागच्या आठवड्यात मी निकाल लावायचाच म्हणून गेले. पुकारा व्हायच्या आधी बाकावर बसल्या बसल्या त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "अप्पा, सगळं मिळतंय तुम्हाला. फोटो आहेत, बिल आहे, त्यानं कबूलही केलंय. आता अडलंय कुठे? द्या ना ती मूर्ती!"

अप्पांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग खाली बघूनच बोलले.

"विसर्जन करून आलं ना, की घर खायला उठतं गं. तुझी काकू होती तेव्हाही उठायचं, पण तेव्हा आम्ही दोघं होतो. ती गेली त्या वर्षी तर मी दिवसभर स्टेशनावर जाऊन बसायचो. गाड्या बघत." चष्मा डोळ्यांवर गेला. "यंदा नाही उठलं. हा नेला तर उठेल."

इतके दिवस म्हातारा हट्टाला पेटलाय म्हणून मी भांडी आपटत होते.

पुकारा झाला. दुकानदार पाकीट आणि कागद घेऊन उभा, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी मूर्ती. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तो समझौता मंज़ूर है?" अप्पांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. ते माझ्याकडे बघत होते.

"मैडम," मी म्हटलं, "इस बार भी मिट्टी बोल रहे हैं. पहले जाँच करानी पड़ेगी. हमें तारीख दे दीजिए."

दुकानदारानं कपाळावर हात मारला. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे पाहिलं, आणि पार श्रावणातली तारीख दिली.

परतताना इंदरगंजच्या चौकात गर्दीत अडकलो तेव्हा मागून माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "स्कूटर जरा लवकर घे. घरी तो एकटाच आहे."