नऊ नंबरच्या खोलीपर्यंत

ऋषीभाऊ सोनुल्यांच्या गावात माणसाला एकट्याने कुठेही जाता येत नाही. तुम्ही चपला घातल्या रे घातल्या की मागून आवाज येतो, "थांबा जी, मी येतो." बँकेत निघा, दळणाला निघा, सासरी निघा, ऋषीभाऊ काठी घेऊन हजर. लग्न झाल्या झाल्या एक जोडपं देवदर्शनाला निघालं, तर मोटारसायकलवर तिसरे हे. "जंगलाचा रस्ता हाय," असं यांचं म्हणणं. रस्ता डांबरी होता आणि देऊळ बसस्टँडला लागून.

तशी ही खोड त्यांच्या नोकरीतली. जन्मभर वनखात्यात मजूर होते. आमच्या भागात मोहाची फुलं वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला कोणी एकटं जात नाही. दोघा-चौघांनी जायचं, मोठमोठ्याने बोलत राहायचं, झाडाआड गेलं तरी हाक द्यायची. माणसाचा आवाज आला की वाघ आपली वाट बदलतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण बाकीचे लोक जंगल संपलं की हा नियम सोडतात. ऋषीभाऊंचं जंगल संपतच नव्हतं.

मी तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसतो. बावीस वर्षं झाली. एक वाजेपर्यंत मी खिडकी सोडत नाही, मग समोर कलेक्टर येवो. स्वभावाने मी जरा तिरसट आहे असं लोक म्हणतात. रोज तीनशे माणसांना 'काय होतं?' विचारून पाहा म्हणावं, मग बोला.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नऊ नंबरच्या खोलीत समुपदेशनाच्या कविता मॅडम यायला लागल्या, दर मंगळवारी. दारावर पाटी लागली, 'मनाचा दवाखाना'. झालं! लोक त्या बाजूच्या नळाचं पाणीसुद्धा पिईनात. "पागलाची खोली हाय थे," असं एकमेकांना सांगून लांबून वळायचे. मॅडम बिचाऱ्या एकट्याच बसायच्या. खरं सांगतो, मलाही वाटायचं, नुसतं बोलून कोणाचं काय बरं होतं? तेवढं तर पानठेल्यावर होतं की.

अशात ऋषीभाऊ बीपी तपासायला आले. पाटी वाचून खिडकीशी आले.

"इथी काय करते जी?"

"बोलतात."

"कोण?"

"पेशंट. मॅडम ऐकतात."

"अन् मंग?"

"मग काही नाही. पुढच्या मंगळवारी परत."

ऋषीभाऊंनी मान डोलावली. "बेस काम हाय हे तं," म्हणाले आणि गेले.

पुढच्या मंगळवारी घनश्याम नावाच्या शेजाऱ्याला दंडाला धरून हजर. "लिवा. याले झोप नाई येत. मले काई नाई झालं. याले झालं."

तेव्हापासून दर मंगळवारी नागभीडच्या गाडीने नवा माणूस. कोणाचं जेवण सुटलेलं, कोणी सुनेशी वर्षभर बोलत नाही, कोणाला बाजारात गेलं की छातीत धडधडतं. नऊ नंबरचं नाव काढलं तर कोणी येणार नाही, म्हणून यांनी शक्कल काढली. एकाला बीपीचं सांगायचं, एकाला चष्म्याचं. महादेव नावाच्या म्हाताऱ्याने मॅडमशी अर्धा तास भांडण केलं की आधी चष्मा द्या, मग बाकीचं बोला. पुढच्या मंगळवारी तो आपणहून आला. त्याच्या पुढच्यालाही. मरून गेलेल्या भावाविषयी बोलतो म्हणे, आणि आता रात्री दोन भाकरी खातो. चष्मा मिळाला नाही ही तक्रार मात्र कायम आहे. एकाला गोळ्यांची गरज होती, त्याला मॅडमनी जिल्ह्याच्या डॉक्टरकडे पाठवलं, तर तिथपर्यंतही हेच सोबत.

आणि दर वेळी, मी विचारलं नसताना, "मले काई नाई झालं जी."

बाहेरच्या बाकावर बसून लोकांना समजावण्याचं कामही यांनी आपल्याकडे घेतलं. "बाई रस्ता नाई सांगत," हे म्हणायचे. "रस्ता तुमचा तुमालेच ठाव. बाई फक्त सोबत चालते. तुमी मोठ्यानं बोलत राहाचं. भेव आपली वाट बदलते." मॅडमनी हे ऐकून चक्क वहीत लिहून घेतलं. बावीस वर्षं मी खिडकीतून इतकं बोललो, माझं एक वाक्य कोणी लिहून घेतलं नाही.

मॅडम कधी दारात येऊन म्हणायच्या, "भाऊ, तुम्ही पण या ना एखाद्या दिवशी आत."

"मले काऊन? मी तं सोबतीले आलो." आणि लगेच काठीकडे बघायला लागायचे.

एका गोष्टीचा मला राग होता. हा माणूस चहा घेत नसे. अकरा वाजता माझा चहा येतो, त्यातला अर्धा मी यांच्यापुढे करायचो, आणि हे हात मागे घ्यायचे. "नाई जी, चहा नाई." दोन वर्षांत एकदाही नाही. मी मनात म्हणायचो, एवढा कसला माज? शेवटी एकदा मी घनश्यामजवळ तोंड सोडलंच.

घनश्याम खिडकीच्या गजाला धरून हळूच बोलला. "साहेब, भाऊची बायको मोहाले चालली होती. भाऊले म्हणे, चला. भाऊ म्हणे, तू हो पुढं, मी चहा पिऊन येतो. चहाच पेला फक्त. मागून गेला तं निस्तं टोपलं भेटलं." मग म्हणाला, "सहा वर्स झाले. गावात सगळ्याइले मालूम हाय. भाऊ कोणापाशी बोलला नाई."

माझी मलाच लाज वाटली. त्या दिवशीचा चहा मी तसाच ठेवला.

यंदा मोह पडायला लागला आणि नऊ नंबरची मंगळवारची रांग आटली. सगळा गाव जंगलात. तरी नेहमीच्या गाडीने ऋषीभाऊ आले, एकटेच. त्या बीपीच्या दिवसानंतर त्यांना एकटं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आज कोणाला आणलं, भाऊ?"

"कोणी नाई भेटलं." खिडकीच्या कडेवर त्यांनी बोटं ठेवली. "केसपेपर काढता का?"

"कोणाचा?"

"लिवा ना जी. ऋषी सोनुले."

मी लिहिलं. पुढचा रकाना 'काय होतं'. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी तो प्रश्न विचारला नाही. कागद हातात दिला.

ते निघाले. माझ्या खिडकीपासून नऊ नंबर वीस पावलांवर आहे. दहा पावलं गेले, उभे राहिले, आणि परत आले. कपाळावर घाम.

"आत गर्दी असंन."

"कोणी नाही, भाऊ. मॅडम एकट्याच आहेत."

"मंग पुढच्या मंगळवारी येतो. सोबतीले कोणी पाहतो."

पाठ वळवून ते गेटाकडे चाललेही. मी पेनाला टोपण लावलं. साडेदहा वाजले होते, रांगेत चाळीस माणसं. दार उघडून मी बाहेर आलो.

"थांबा भाऊ," मी म्हटलं, "मी येतो."

ते माझ्याकडे वळले. मग काठी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "बोलत राहा जी."

मी बोलत राहिलो. काय बोललो देव जाणे. धानाचा भाव, माझा गुडघा, नागभीडची उशिरा येणारी गाडी. पण मोठ्याने बोललो. दारापर्यंत पोचलो तेव्हा ऋषीभाऊंनी काठी माझ्या हातात दिली आणि आत गेले. दार लागलं.

मी त्यांच्या बाकावर त्यांची काठी धरून बसलो.  मग त्यांचा आवाज आला, मोठा, जंगलात देतात तसा. त्यांनी बायकोच्या नावाने हाक मारली होती.

मी उठलो आणि शब्द ऐकू येणार नाहीत एवढ्या लांबच्या बाकावर जाऊन बसलो. खिडकीवरची रांग माझ्या नावाने ठणाणा करत होती. करू दे म्हटलं. मी सोबतीला आलो होतो.