साठ कप आणि सरावाची नळी

"काका, थुंकायचं नाही," संशोधक ताई तिसऱ्यांदा म्हणाली. "मान खाली घालायची, तोंड किंचित उघडायचं आणि लाळ आपोआप नळीत गळू द्यायची."

काकांनी हातातल्या नळीकडे पाहिलं. हातभर अंतरावरून त्यांनी त्या बोटभर नळीत नेमकी धार सोडली होती. एक थेंब बाहेर सांडला नव्हता. कौतुक राहिलं बाजूला, ही मुलगी त्यांना लाळ गाळायला सांगत होती. एकतीस वर्षं काका चहाच्या कंपनीत चहा चाखत होते. भुर्रकन घोट ओढायचा, जिभेवर फिरवायचा आणि तीन हातांवरच्या पिकदाणीत सोडायचा, असं दिवसाला दोनशे वेळा. कंपनीत पाहुणे आले की साहेब त्यांना मुद्दाम काकांचं थुंकणं दाखवायला आणत.

"चार महिन्यांचा होतो तेव्हा गाळली असेल," काका म्हणाले. "नंतर सवय राहिली नाही."

"म्हणूनच आज नुसता सराव," ताई म्हणाली. तिने त्या नळीवर 'सराव' अशी चिठ्ठी चिकटवली आणि नळी फ्रीझरमध्ये ठेवून दिली. ती काही म्हणजे काही टाकून देत नसे.

काकांच्या घशात एक लहानशी गाठ निघाली होती. सहा आठवडे किरणोपचार घेतले की ती जाईल, असं डॉक्टर ठामपणे सांगत होते. पण किरणांनी तोंड येतं. कुणाचं थोडं, कुणाचं इतकं की पाण्याचा घोटही गिळवत नाही. लाळेतले काही घटक याची आधीच चुगली करतात, असं ताईचं म्हणणं होतं, आणि ते सिद्ध करायला ती बहात्तर रुग्णांची लाळ तपासत होती. काकांना गाठीची फारशी धास्ती नव्हती. धास्ती होती ती जिभेची. कंपनीच्या चहाची चव त्यांच्या जिभेवर ठरायची, आणि जगात आपल्याशिवाय कुणाला न जमणारी तेवढी एकच गोष्ट आपल्याकडे आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

सराव झाला तो सुट्टीचा दिवस होता. खरा नमुना द्यायला काका दोन दिवसांनी कामावरून थेट आले.

"गेल्या तासाभरात काही खाल्लं, प्यायलं?" ताईने कागदावरचा सहावा प्रश्न वाचला.

"छे," काका म्हणाले, आणि मान खाली घालून त्यांनी इतक्या शहाण्यासारखी लाळ गाळली की ताईने त्यांना शाबासकी दिली.

आठवड्याने निकाल लागला. काका घरी आले ते छाती पुढे काढूनच.

"बहात्तर जणांत पहिला आलो," त्यांनी काकूंना सांगितलं.

"कशात?"

"तोंड येण्यात. माझ्याइतकं वाईट तोंड कुणाचंच येणार नाही."

"यात मिरवण्यासारखं काय आहे?"

"नंबर तर आहे ना," काका म्हणाले, पण जेवताना त्यांचं पानात लक्ष नव्हतं, आणि ते काकूंच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी कारभार हातात घेतला. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या दवाखान्यात सगळ्यांनाच सांगत. त्या करत मात्र थोडेच. काकूंनी दर दोन तासांचा गजर लावला. तिखट बंद, भाजी मिक्सरमधून, ब्रश लहान मुलांचा. काकांनीही एकतीस वर्षांचं कसब गुळणीत ओतलं. गुळणी जिभेवर फिरवून ते म्हणत, "आज सोडा चिमूटभर जास्त आहे." काकू चिडत, डबा उघडून बघत, आणि सोडा खरोखरच जास्त पडलेला असे. गुळण्यांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जाई. खालच्या आजी तर त्यावरच औषधाची वेळ लावू लागल्या होत्या. "चारची झाली वाटतं," म्हणत त्या गोळी घेत.

किरणोपचारांच्या तिसऱ्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकावरची मंडळी एकेक करून खुणांनी बोलू लागली. काकांच्या तोंडात दोन बारीक फोड आले. चौथ्या आठवड्यातही दोनच. काका हवेत होते आणि ताईचा चेहरा उतरला होता. तिच्या आलेखावर बाकीचे ठिपके रेषेच्या आसपास गुण्यागोविंदाने नांदत होते. एक ठिपका तेवढा पार कोपऱ्यात जाऊन बसला होता.

"मोठे डॉक्टर परवा विचारणार, हा कोण म्हणून," ताई म्हणाली.

"सांगा की, मी आहे," काका म्हणाले.

ताईने सगळे कागद पुन्हा काढले आणि काकूंसमोर एकेक प्रश्न वाचायला घेतला. सहाव्यावर काकू थांबल्या.

"अहो, त्या दिवशी तुम्ही कामावरून थेट आला होतात ना?"

"हो."

"मग सकाळचे कप?"

"साठ झाले होते."

"आणि इथे सांगितलंत, काही प्यायलो नाही?"

"नव्हतोच प्यायलो. ते चाखणं. एक घोट जरी पोटात गेला असेल तर नाव बदलीन."

ताई मटकन खुर्चीत बसली. "काका," ती म्हणाली, "म्हणजे मी चहाचं भविष्य सांगितलं."

तो ठिपका आता काढून टाकावा लागणार होता. किरणोपचारांआधीची लाळ पुन्हा कुठून आणणार? एकतीस वर्षांत काकांनी दुसऱ्यांचे हजारो कप नापास केले होते. त्यांना स्वतःला कुणी नापास केल्याची ही पहिलीच वेळ होती. पण काकूंचा चेहरा त्याहून पडला होता.

"म्हणजे यांचं तोंड येणारच नव्हतं?" त्यांनी विचारलं. "महिनाभर मी रात्रंदिवस गजर लावले, ते उगाचच?"

ताई एकदम काहीतरी आठवल्यासारखी उठून फ्रीझरकडे धावली.

तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, तेव्हा सुट्टीच्या दिवशीच्या त्या सरावाच्या नळीचा निकाल हातात होता.

"पहिले नाही आलात, काका. तिसरे," ताई म्हणाली. "दोन नंबर चहाने वर गेला होतात. तुमचं तोंड भयंकर येणार होतं. वाचवलं ते काकूंच्या गुळण्यांनी."

काकूंनी फक्त काकांकडे पाहिलं, आणि काका एवढ्यानेच भरून पावले.

"ती थुंकलेली होती बरं का," तरीही त्यांनी ताईला आठवण करून दिली. "गाळलेलीने घोटाळा केला, थुंकलेलीने लाज राखली."

तोंड वाचलं, पण जीभ नाही वाचली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी काकांना चहा गरम पाण्यासारखा लागला. त्यांनी दुसरा कप घेतला, तोही तसाच. ते कुणाला बोलले नाहीत. पण गुळणीतला सोडा जास्त झाल्याची तक्रार बंद झाली, आणि काकूंना जे कळायचं ते कळलं. पुढे गाठ गेली. चव हळूहळू येईल, महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले. काका रजेवर घरी बसले आणि गुळण्या करत राहिले.

पाच महिन्यांनी ताईने त्यांना तपासणीला बोलावलं. काकूही आल्या होत्या. कागद नवा छापलेला होता.

"गेल्या तासाभरात काही खाल्लं, प्यायलं?"

"नाही."

"प्रश्न सातवा. काही नुसतं चाखून थुंकलंत?"

हा प्रश्न कुणामुळे आला ते काकांना सांगावं लागलं नाही. आता तो प्रत्येक रुग्णाला विचारला जाणार होता. काकांनी शर्टाची कॉलर नीट केली.

"हो."

ताईचं पेन थांबलं. "किती?"

"एकेचाळीस कप. आजच रुजू झालो. एकोणतिसावा करपट होता, परत पाठवला."

नियमाप्रमाणे आजचा नमुना बाद होता. ताईने कागदावर 'बाद' असं भलंमोठं लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि डोळे पुसले.

"मला विचारायचंत ना," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला अभिमान लपत नव्हता. "आठवडा झाला, गुळणीत सोडा जास्त पडतो म्हणून ऐकवतायत."