एकाच पॅसेंजरची गाडी

सिद्रामप्पांनी गाडी घ्यायचं ठरवलं ते एका हंड्यामुळं. चारठाण्यात त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, आणि आठवडी बाजाराला ते पोती भरून माल एसटीनं न्यायचे. त्या दिवशी बस वळली, पोत्यातला हंडा निसटला आणि नेमका कंडक्टरच्या अंगठ्यावर जाऊन पडला. कंडक्टर जे बोलला ते भरल्या बसनं मन लावून ऐकलं, आणि त्या बसमधे अप्पांची निम्मी गिऱ्हाइकं बसलेली होती. अप्पा खाली उतरले ते मनाशी पक्कं करूनच. आता एसटी बास, आता आपली गाडी.

पण अप्पांनी एखादी गोष्ट ठरवणं वेगळं आणि भागम्मानं ती होऊ देणं वेगळं. जुन्या वस्तूंच्या बाबतीत अप्पांचा हात जरा वाईटच होता. त्यांनी एकदा सेकंडहँड इन्व्हर्टर आणला. लाइट असली की तो झकास चालायचा, लाइट गेली की तोही जायचा. मग एक कूलर आणला, त्यानं पाहुण्यांच्या अंगावर पाणी उडवलं आणि वारा मात्र स्वतःकडेच ठेवला. (पाहुणे भागम्माच्या माहेरचे होते, म्हणून हे प्रकरण अजून मिटलेलं नाही.)

त्यामुळं गाडीचं नाव निघाल्यावर भागम्मा भांडेल असं अप्पांना वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे भाकरी थापत राहिली आणि म्हणाली, "घ्या. पर या बारीला फसलात, तर गल्ल्याची किल्ली माझ्या कमरेला."

ही किल्ली त्यांच्या करदोड्याला बांधलेली असायची, झोपेतसुद्धा. घरादारात त्यांचं ऐकणारी वस्तू म्हणाल तर एवढी एकच. ती गेली म्हणजे उद्यापासून आपण दुकानात भांडी पुसणार आणि गादीवर बायको बसणार, हे चित्र त्यांना लख्ख दिसलं. म्हणून या खेपेला ते तयारीनं निघाले. परभणीला मेहुणा राजेश्वर मोबाइलच्या दुकानात असतो आणि दिवसभर गाड्यांचे व्हिडिओ बघतो. त्याला फोन लावून त्यांनी सल्ला घेतला. राजेश्वर म्हणाला, ट्रकच्या चासीवरची जुनी व्हॅन घ्यायची तर आधी वाकून खालचा गंज बघा, कमानपाटे बघा, ऑइल गळतंय का बघा. पण खरी परीक्षा ट्रायलची. मागं ताठ बसायचं, डोळे मिटायचे, बोलायचं नाही, हलायचं नाही. गिअरबॉक्समधे खोट असली तर ती आपोआप ऐकू येते.

गाडी देवगाव फाट्यावर होती. तिथं बन्सीधरचं चहाचं हॉटेल आहे, आणि चहाच्या आडून तो जुन्या गाड्यांचे सौदे करतो. व्हॅन हॉटेलच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. खालून टेम्पो, वरून व्हॅन, छत उंच, रंग ताजा क्रीम. दोन्ही बाजूंना एवढ्या मोठ्या काचा की आत माशी बसली तरी रस्त्यावरून दिसावी. आत मधोमध स्टीलचा लांबलचक ओटा होता.

अप्पा विधिवत खाली वाकले. कमानपाटा नेमका कोणता ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून जे जे दिसलं त्या सगळ्याकडं त्यांनी संशयानं पाहिलं. मग अंगाला ग्रीस लावून वर आले आणि चौकशी सुरू केली.

"आधी कुणाकडं होती?"

"एका संस्थेकडं, अप्पा. धर्माचं काम."

"पॅसेंजर किती बसायचे?"

"एका टायमाला एकच."

"एवढ्या मोठ्या गाडीत एकच?"

"एकच. आन् त्यो बी हलायचा न्हाई. ओट्याला कुटं ओरखडा दिसला तर सांगा."

अप्पांना हे फार आवडलं. त्यांनी काचा एवढ्या मोठ्या कामून म्हणून विचारलं, तर बन्सीधर म्हणाला की आतलं बाहेरच्याला नीट दिसावं म्हणून. अप्पांच्या डोळ्यांपुढं चाकावरचं दुकान उभं राहिलं, काचेत हंडे, काचेत कळशा. त्यांनी शेवटचा, सगळ्यात बारकाईचा प्रश्न टाकला. आजवर कुणाची तक्रार?

"बसलेल्या एकानंबी केली न्हाई," बन्सीधर म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

मागची बाजू बघायची राहिली आहे हे अप्पांच्या लक्षात येणारच होतं, तेवढ्यात बन्सीधरनं त्यांचा सत्कार केला. आपल्या भागात सत्काराला कारण लागत नाही, माणूस सापडला की पुरतं. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, गळ्यात झेंडूचा भलामोठा हार. कपाळाला सकाळच्या पूजेची विभूती होतीच. बन्सीधरचा आजवरचा अनुभव असा की सत्कार झालेला माणूस सौद्याला नाही म्हणत नाही. तो म्हणाला, तुमी ट्रायल घेत घरापर्यंत व्हा पुढं, मी मागनं फटफटीवर येतो, वैनीच्या हातचा चहा घेऊन मामला पक्का करू.

गाडीचा जुना ड्रायव्हर बजरंग पुढं बसला. अप्पा बाजूच्या दारानं मागं ओट्यावर चढून मांडी घालून बसले, बजरंगनं बाहेरून दार लावलं आणि गाडी निघाली. अप्पांनी डोळे मिटले.

आता आपली परीक्षा आहे, गाडीची नाही, हे अप्पांना कळत होतं. मान ताठ, हात गुडघ्यावर, सगळा जीव कानात. कुठंतरी एक नट खडखडत होता. मागचा एक्सल कण्हत होता, पण वयाच्या मानानं ते चालायचंच. गिअरबॉक्स गप्प होता. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. अशा वेळेला भागम्माच असणार. उचलावा तर ती म्हणणार, नको ती गाडी, परत या. आणि परत जावं तर पुन्हा एसटी, पुन्हा पोती, पुन्हा तो कंडक्टर. अप्पांनी फोन तसाच वाजू दिला. तो थांबला, परत वाजला, परत थांबला, परत वाजला. दर खेपेला अप्पांचा जीव एकेक बोट खाली सरकत होता, पण ते हलले नाहीत.

मधेच त्यांनी एक डोळा किलकिला केला. समोरून एसटी येत होती. ती कडेला घेऊन थांबली आणि दारातल्या कंडक्टरनं चक्क हात जोडले. रस्त्याकडेच्या शेतातली माणसं खुरपी टाकून उभी राहिली होती. मागच्या मोटारसायकली पुढं जायला तयार नव्हत्या, रांगेनं हळूहळू येत होत्या. अप्पांना भरून आलं. गाडी असली की माणसाला काय किंमत येते, असं मनाशी म्हणून त्यांनी तो डोळाही मिटला.

हे सगळं बाहेरून कसं दिसत होतं ते सांगायलाच पाहिजे. लिंगायतात माणूस गेला की त्याला आडवा नेत नाहीत. विभूती लावून, हार घालून, डोक्याला फेटा गुंडाळून, मांडी घालून बसवून नेतात. आणि ही उंच छताची व्हॅन त्या रस्त्यावर सगळ्यांच्या ओळखीची होती. क्रीम रंग स्वस्तातला असल्यामुळं उन्हात मागच्या दारावरची जुनी अक्षरं वर येत होती, 'स्वर्गरथ'. मागून येणाऱ्या कुणीतरी फोटो काढला, तो गावच्या ग्रुपवर पडला, आणि अप्पांच्या शेजारच्या किराणा दुकानदारानं, महारुद्रानं, त्याखाली जड अंतःकरणानं लिहिलं की आपले सिद्रामप्पा लिंगैक्य झाले. त्याखाली हात जोडलेली चित्रं थांबता थांबेनात.

गावाच्या अलीकडच्या वळणावर कडूबाई गाडीला आडवी आली. अप्पांचं जुनं गिऱ्हाईक. गाडी थांबली तशी तिनं हात जाईल एवढीच सरकणारी काच उघडली, आत हात घालून अप्पांच्या पायाला लावला आणि रडत म्हणाली, "माझ्या डब्याचं झाकण देतो म्हनलात, आन् तसंच गेलात की हो अप्पा."

गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं नाही हे अप्पांच्या रक्तातच नव्हतं. राजेश्वरचा नियम मोडून त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "देतो की. उद्या दुकानी ये."

कडूबाई ओरडली नाही, पडलीही नाही. ती उलट्या पावली चालत तुरीच्या रानात शिरली आणि दिसेनाशी झाली.

"बजरंग, हिला काय झालं रे?" अप्पांनी विचारलं. पुढं बजरंग दचकला आणि गाडी नालीत जाता जाता वाचली.

"अप्पा, मागनं बोलत नका जाऊ. मला सवय न्हाई," तो म्हणाला, आणि मग या गाडीतून तो आजवर कुणाला नेत आला ते त्यानं सांगितलं.

फेटा, हार, विभूती, मोठ्या काचा आणि न हलणारा एकच पॅसेंजर, सगळ्याचा अप्पांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. आणि त्याहून वाईट गोष्ट लक्षात आली. फोन वाजायचा थांबला होता. भागम्माच्या जिवाचं काय झालं असेल? त्यांनी फोन लावला. पलीकडं एका बाईची किंकाळी आली, फोन पडल्याचा आवाज आला, मग महारुद्राचा घोगरा आवाज.

"हॅलो, मी सिद्रामप्पा…"

"हां, सिद्रामप्पाला घेऊन यायलात ना? कुटवर आलात?"

"अरे महारुद्रा, मीच हाय."

"तुमी एकटेच हाव का संगं? बरं. संभाळून आना. मान हालू देऊ नका."

"माझी मान मी संभाळतो. भागम्माला फोन दे."

"ती बोलण्यासारखी न्हाई हो. लय रडायलीय," महारुद्र म्हणाला आणि त्याला स्वतःलाच रडू आलं, म्हणून फोन बंद झाला.

अप्पा बजरंगला म्हणाले, पळव. बजरंगनं ॲक्सिलेटर दाबला, इंजिन नुसतंच मोठ्यानं ओरडलं. गाडीचा वेग तसूभर वाढला नाही. चौथा गिअर पडतच नव्हता. बजरंगनं सांगितलं की त्याचा दोष नाही, एवढ्या वर्षांत तो गिअर कधी लागलाच नाही, गंजून बसला असेल. (राजेश्वरचं खरं होतं. गिअरबॉक्समधली खोट शेवटी ऐकू आलीच.) अप्पा काचेवर हात आपटत होते, रस्त्यावरची माणसं हात जोडत होती, आणि गाडी आपल्या जुन्या सवयीच्या चालीनं गावात शिरली. वाटेतल्या दुकानांची शटरं अर्धी खाली आलेली होती.

अप्पांच्या दुकानापुढं ही गर्दी. त्यांनी दार ढकललं तर उघडेना. आतून उघडायची सोयच नव्हती, कारण आजवर कुणाला गरज पडली नव्हती. अप्पा आतून दार बडवायला लागले तसा जमाव चार हात मागं सरला. बजरंगच्या दारालाही माणसं चिकटलेली, त्याला उतरता येईना. मेलेला माणूस आतून दार ठोठावतोय म्हटल्यावर पुढं होणार कोण?

भागम्मा पुढं झाली. दुकानाच्या पायरीवरून उठली, सरळ गाडीपाशी आली आणि तिनं खिट्टी ओढली.

बातमी आली तेव्हा तिनं ती खरी मानलीच नव्हती. मला इचारल्याबिगर ते असं काई करनार न्हाईत, असं तिनं जमलेल्या बायकांना ठणकावून सांगितलं होतं आणि फोन लावत बसली होती. परत परत लावूनही फोन उचलला गेला नाही, तेव्हा मात्र तिचं अवसान गेलं होतं. आता ती अप्पांपुढं उभी होती, डोळे सुजलेले, पदर ओला.

"फोन कामून उचलला न्हाई?" तिनं विचारलं.

रेंज नव्हती, ऐकूच आला नाही, बॅटरी गेली, अप्पांजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण तिचा चेहरा बघून त्यांना एकही खोटं बोलता आलं नाही.

"तू गाडीला न्हाई म्हनशील म्हनून," ते म्हणाले.

भागम्मा तिथंच सगळ्यांदेखत रडली. अप्पाही रडले. इतक्या वर्षांत या बाईला आपण एवढं हवं आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते कळायला ही वेळ यावी याची त्यांना फार लाज वाटली. मग भागम्मानं पदरानं तोंड पुसलं आणि उजवा हात पुढं केला.

अप्पांनी शालीखाली हात घालून करदोड्याची गाठ सोडली. सगळा गाव बघत होता. त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि तिनं ती कमरेला खोचली. महारुद्रानं मयताला काढावी तशी सवयीनं टोपी काढली.

तेवढ्यात फटफट करत बन्सीधर पोचला. गर्दी बघून त्याला वाटलं, लोक गाडी बघायला जमलेत. तो खुशीत पुढं आला आणि गल्ल्याची किल्ली नव्या कमरेला गेलेली पाहून त्यानं लगेच तोंड तिकडं वळवलं. कशी काय वाटली गाडी, वैनी?

भागम्मानं गाडीभोवती एक फेरी मारली, दारावरची अक्षरं वाचली, टायरला पायानं ढोसून बघितलं आणि विचारलं, "एक्सचेंज घेता का?"

"घेतो की. तुमच्याकडं जुनं काय हाय?"

भागम्मानं नुसती हनुवटी उचलून अप्पांकडं दाखवलं.

बन्सीधर पक्का धंदेवाला. तो हसला नाही. त्यानं फेटा, शाल आणि हारातल्या अप्पांना डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं, मागं जाऊनही बघितलं आणि मान हलवली.

"मॉडेल नुसतं जुनं असतं तर चाललं असतं, वैनी. पर एकदा बंद पडल्याची बातमी गावभर झालीय. आता गिऱ्हाईक लागायचं न्हाई."