साहेबांच्या भाषणावर वरात

इंदरलालला बिघडवलं ते तालुक्याच्या साहेबांनीच, दुसऱ्या कोणी नाही! कर्जाची शिफारस करताना दुकानात उभं राहून तेच म्हणाले होते, "बारीक आवाज कोण ऐकतो हो? धमक वाढवा, धंदा वाढेल!"

त्याआधी सडक अर्जुनी गावात इंदरलाल महिन्याकाठी एखादाच स्पीकरचा डबा बनवायचा. नाटकाच्या मंडपात मागच्या म्हातारीलाही नटीचा हुंदका ऐकू गेला पाहिजे, ही त्याची अट. साहेबांचं ऐकून त्यानं बारीक आवाजाचा स्पीकर काढून टाकला, मोठे, छाती हादरवणारे धमकवाले भरले, वर लाल-निळे दिवे लावले. डबे धडाधड खपू लागले.

"यातून बोलनं ऐकू येते का जी?" बायकोनं, तुलसानं, विचारलं.

"बोलनं कोनाले पायजे? लोकं नाचून रायले!"

२००८च्या लग्नसराईत इंदरलालच्या नव्या कारखान्याचं उद्घाटन झालं. साहेबांनी माईक धरला. "बंधूंनो," ते म्हणाले. डब्यातून निघालं, धुम्! "भगिनींनो," धुम् धुम्!

रस्त्यावरून मुन्नालालच्या पोराची वरात चालली होती. बँडवाले दमलेले. वरात सरळ उद्घाटनाच्या मांडवात घुसली अन् भाषणावर नाचू लागली! लोक एवढे खूश पाहून साहेबांना चेव आला. ते हात उडवून ओरडू लागले, धुमधुम वाढली, नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला. "वा रे डबा!" मुन्नालालनं तिथंच इसार दिला. मग पाहुणे कशाला मागं राहतात?

सकाळी साहेब ट्रक घेऊन हजर.

"डबे जप्त! मोठ्या आवाजावर बंदी आलीय. 'आजपासून विक्री थांबवा' हेच मी काल घसा फोडून सांगत होतो, अन् तुम्ही विकत बसलात!"

"कोनाले ऐकू आलं?" तुलसा पदर खोचून पुढं आली. "एक मानूस उभा करा!"

"ठीक. इंदरलालनं सगळ्यांसमोर सांगावं, ऐकू आलं नाही म्हणून. ट्रक रिकामा नेतो."

इंदरलाल तोंड उघडणार, तोच डबे न्यायला आलेला मुन्नालाल आडवा आला. "थांब भाऊ! बोलनं ऐकूच येत नाई असं तूच म्हनशीन, तं मी भंगार कायले नेऊ? इसार वापस कर!" मागून पाहुण्यांनीही हात पसरले.

इंदरलाल एकदा ट्रककडं, एकदा पसरलेल्या हातांकडं बघू लागला.

"आता काऊन मुके झाले जी?" तुलसा कडाडली. "सांगा नं! आलं ऐकू, का नाई आलं?"