कारणाचा रकाना

सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा अशा तीन वेळांना ड्रिलबाई बैठकीच्या खोलीत लाकडी खुर्चीवर ताठ बसत आणि मोठ्याने आकडे मोजत. मोठ्याने म्हणजे किती, तर मुलींच्या शाळेच्या मैदानावर एकतीस वर्षं त्यांनी सातशे मुलींकडून कवायत करून घेतली होती, आणि तीही माइकशिवाय. निवृत्त होताना शाळेने त्यांची शिट्टी परत घेतली. आवाज परत घ्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

"वर खेच. एक... दोन... तीन... श्वास चालू दे. चार... पाच... सोडू नकोस, सोडू नकोस... सहा. आता सोड. पूर्ण सोड. अर्धवट नाही चालायचं मला."

समोर कोणी नसे. ड्रिलबाई हे सगळं स्वतःच्याच एका स्नायूला बजावत असत, आणि असा काही स्नायू आपल्याला आहे हे त्यांना बासष्टाव्या वर्षी कळलं होतं. खांदे, गुडघे, कंबरा, घोटे या सगळ्यांना त्यांनी आयुष्यभर कामाला लावलं. पण ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात आणि ते सैल पडले की खोकताना, शिंकताना, जड पिशवी उचलताना लघवी निसटते, हे त्यांना ना कुणी शिकवलं, ना त्यांनी कुणाला शिकवलं. याचा त्यांना दुखण्यापेक्षा जास्त राग येई.

सुरुवात झाली दीड वर्षापूर्वी. शाळेतल्या माजी शिक्षिका महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायच्या. त्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी जुन्या मुख्याध्यापकांची नक्कल केली. ड्रिलबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि पाणी फक्त डोळ्यांतूनच आलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. खुर्चीवरची गादी त्यांनी हळूच उलटी करून ठेवली, हातातली पर्स मागे धरली आणि सगळ्यांकडे तोंड करून, हसत हसत, दारापर्यंत उलट्या चालत गेल्या. बाकीच्यांना तो प्रेमाचा भाग वाटला.

त्यानंतर ड्रिलबाईंचा गुडघा दुखायला लागला. म्हणजे गुडघा ठणठणीत होता, पण फोनवर तरी दुखायला लागला. पहिल्या महिन्यात पाच जणींनी चौकशी केली, तिसऱ्या महिन्यात दोघींनी, आणि सहाव्या महिन्यानंतर गुडघ्याला कुणीच विचारेना. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. लेक दूरच्या शहरात, शनिवारी फोन करायची आणि 'जेवलीस ना?' विचारून घाईत ठेवून द्यायची. घरात हसवणारंच कोणी नव्हतं, त्यामुळे हसण्याची भीतीही उरली नाही. ड्रिलबाई फार एकट्या पडल्या होत्या, आणि शिस्तीच्या बाई असल्याने एकटेपणाही त्या वेळापत्रकाप्रमाणे पार पाडत.

शेवटी त्या फिजिओथेरपिस्टकडे गेल्या. ती तिशीतली मुलगी होती, पण तपासताना आणि बोलताना कुठेही लाजली नाही, त्यामुळे ड्रिलबाईंनाही लाजायला जागा उरली नाही. तिने व्यायाम शिकवला आणि एक वही दिली. वहीत रकाने होते: वेळ, काय प्यायलं, गळती झाली का, आणि शेवटचा, कारण.

दुसऱ्या भेटीला मुलीने वही चाळली. "शिंक, पिशवी, खोकला, पिशवी. हसताना काही होत नाही?"

"नाही," ड्रिलबाई म्हणाल्या.

"छान की. बऱ्याच जणींचं हसतानाच जास्त होतं."

आपण दीड वर्षात हसलोच नाही, हे ड्रिलबाईंनी सांगितलं नाही. त्यासाठी वहीत रकाना नव्हता.

"फक्त एक करा," मुलगी म्हणाली, "तुम्ही श्वास कोंडून धरताय. घरी मोठ्याने मोजा. बोलत असलं की श्वास कोंडता येत नाही." बिचारीने चारचौघांसारखा आवाज गृहीत धरला होता.

ड्रिलबाईंच्या बरोबर खालच्या घरात एक बाई घरूनच फोनचं काम करायची. कपडे धुण्याची यंत्रं बिघडली की लोक तिला फोन करत आणि ती गोड आवाजात उपाय सांगे. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकं विचारू लागली, "तुमच्याकडे कोण मोजतंय हो?" दुसऱ्या आठवड्यात तिच्या साहेबांनी विचारलं. तिसऱ्या आठवड्यात, दुपारी एक वाजून चार मिनिटांनी, ती एका गृहस्थांना सांगत होती की पाण्याचा पाइप घट्ट दाबून धरा, मी सांगेपर्यंत हलू नका. तेवढ्यात वरून हुकूम आला, "आता सोड. पूर्ण सोड." त्या हुकमात इतकी जरब होती की गृहस्थांनी पाइप सोडला. त्यांच्या स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी झालं.

फोनवाली तडक अध्यक्षांकडे गेली. इमारतीच्या समितीचे अध्यक्ष हे नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले गृहस्थ. नियमांची पुस्तिका त्यांनी स्वतः लिहिली होती आणि ती वाचणारेही ते एकटेच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निष्कर्ष काढला. "क्लास चालवतायत. निवासी जागेत, परवानगीशिवाय, दिवसातून तीन बॅच."

त्याच संध्याकाळी सहाला बेल वाजली. बेलचा आवाज ऐकून ड्रिलबाई दचकल्या, कारण ती चालू आहे की बंद हेही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. दारात अध्यक्ष होते, हातात पुस्तिका, मागे फोनवाली, आणि तिच्या मागे अध्यक्षांच्या पत्नी, ज्या उगाच आल्या होत्या.

"बाई, किती जणी येतात तुमच्याकडे?" अध्यक्षांनी आत पाहत विचारलं.

ड्रिलबाईंनीही मागे वळून आत पाहिलं. सोफ्यावरच्या उशा फुगलेल्या, एकीलाही चुणी पडलेली नाही. 'माझ्याकडे कोणी येत नाही, मी एकटीच बसून बोलते' हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. त्यापेक्षा गादीची हकीकत सांगणं परवडलं असतं. त्यांनी दोन्ही गिळलं.

"सातआठ जणी येतात," त्या म्हणाल्या.

"जिन्यात तर कधी दिसत नाहीत."

"शिस्त आहे माझी. एकेकीने, आवाज न करता यायचं."

"आणि आवाज तुम्ही एकट्या करायचा होय?" फोनवाली म्हणाली.

अध्यक्षांनी पुस्तिका उघडली. "एक तर क्लास बंद करा, नाहीतर नियम सतराप्रमाणे फक्त रहिवाशांसाठी आणि मोफत ठेवा. रविवारी अकरा वाजता मी पाहणीला येतो."

"मी पण येते हो," पत्नी म्हणाल्या. "खोलीत फेऱ्या मारून कंटाळा आलाय."

"मग मीही," फोनवाली म्हणाली. "कंबर धरलीय बसून बसून."

रविवारपर्यंत ड्रिलबाईंपुढे एकच प्रश्न होता. सातआठ जणी आणायच्या कुठून? माजी शिक्षिकांना फोन करावा असं एकदा मनात आलं. पण दीड वर्षाने फोन करून काय सांगायचं, या, माझ्या विद्यार्थिनी व्हा? त्यांनी फोन जागेवर ठेवला आणि चहाचे कप मात्र आठ काढून पुसून ठेवले.

रविवारी अध्यक्ष आले, त्यांच्या पत्नी आल्या, फोनवाली आली आणि काठी टेकत अध्यक्षांच्या ऐंशीच्या आईही आल्या. त्या तीन बायका सोफ्यावर बसल्या तेव्हा उशांमधून बरेच दिवस कोंडलेली हवा निघाली.

"बाकीच्या?" अध्यक्ष.

"त्यांना सुट्टी दिलीय," ड्रिलबाई म्हणाल्या आणि घाईने खांदे फिरवायला लावले. मग मान. मग मनगटं. फोनवालीने हात खाली घेतले.

"हे राहू द्या. ते 'सोडू नकोस' आहे ना, ते शिकवा. माझ्या गिऱ्हाइकाच्या घरात तळं झालं त्याच्यामुळे, निदान मला कळू तरी दे काय आहे ते."

तिघी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. ड्रिलबाई अध्यक्षांकडे वळल्या. "तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी पाहणीला आलोय."

"बाहेर."

हा मैदानावरचा आवाज होता. आपण जिन्यात कसे आलो हे अध्यक्षांना कळायच्या आत दार लागलं.

"क्लास वगैरे काही नाही," ड्रिलबाई म्हणाल्या. "माझ्याकडे कोणी येत नाही. मी एकटीच मोजते." आणि मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं, झोळी, पिशवी, शिंक, गादी, उलटं चालत जाणं. धडा शिकवावा तसं न अडखळता सांगितलं, फक्त पाहिलं नाही कुणाकडे.



"म्हणून तर मला शिंक आली की मी आधी खाली बसते," अध्यक्षांच्या पत्नी हळूच म्हणाल्या. "ह्यांना वाटतं मला चक्कर येते. तीन डॉक्टर झाले."

"अगं, मला तरी सांगायचंस," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलंत मला?"

"मला असलं काही होत नाही हं," फोनवाली म्हणाली.

"होईल," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

ड्रिलबाईंनी बजावलं की आधी त्या मुलीकडे जाऊन नीट तपासून घ्यायचं, आज फक्त ओळख. लघवी रोखून धरताना जिथे ताण येतो ती जागा शोधायची, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास चालू ठेवायचा. मग पाठ ताठ झाली आणि आवाज आपोआप चढला.

"वर खेचा. एक... दोन... सोडू नका... तीन... चार... कोण सैल पडतंय तिकडे? पाच... सहा... सोडू नका..."

दाराबाहेरून केविलवाणा आवाज आला. "बाई, खांदे भरून आले माझे. सोडू का आता?"

अध्यक्षांच्या पत्नीने दार उघडलं. अध्यक्ष जिन्यात दोन्ही हात वर करून उभे होते, आणि वरच्या एका हातात नियमांची पुस्तिका होती.

आधी सासूबाई हसल्या, मग सगळ्याच. ड्रिलबाई हसायला लागल्या आणि मध्येच त्यांना ती ओळखीची ऊब जाणवली. त्यांचा हात आपोआप पर्स शोधायला गेला.

"माझं तर गेलं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"माझंसुद्धा," पत्नी म्हणाल्या.

ड्रिलबाईंचा हात परत आला. त्या पुन्हा हसल्या, खुर्चीवर बसूनच, आणि अध्यक्षांना हात खाली घ्यायला सांगायचं राहूनच गेलं.

सगळे गेल्यावर सोफ्यावरच्या उशा चेपलेल्या होत्या. ड्रिलबाईंनी त्या तशाच ठेवल्या. संध्याकाळचे सहा वाजले तेव्हा त्या मोजायला बसल्या नाहीत. त्यांनी विज्ञानाच्या बाईंना फोन लावला.

"अगं, गुडघा कसा आहे?" पलीकडून लगेच प्रश्न आला.

"गुडघ्याला काही झालंच नव्हतं," ड्रिलबाई म्हणाल्या. "बस, सांगते."

बुधवारी फिजिओथेरपिस्टने वही उघडली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "रविवारी हे काय झालं? सकाळी अकरा चाळीस, कारण हसू. पुन्हा हसू. संध्याकाळी सव्वासहा, परत हसू. आधी हे कारण नव्हतंच तुमचं. हे वाढलंय, बाई."

"हो," ड्रिलबाई ताठ बसून म्हणाल्या. "आणि पुढच्या रविवारी अजून वाढणार आहे."