रंगावर जाऊ नगा, पावणं

आमचे घरमालक आण्णा माणसाचं तोंड विसरतात, मोटारीचा पोचा विसरत नाहीत. मोटार मात्र लाखात एक हवी. दोन दारांची, जमिनीला चिकटलेली, गुरगुरणारी. तसली एखादी कसबा बावड्यातून गेली की आण्णा चहा टाकून पळतात.

"लाल गाडी" म्हटलेलं त्यांना खपत नाही. "रंगावर जाऊ नगा, पावणं. रंग कुणीबी मारतंय. चासी नंबर बघा, पोचं बघा. मग कळतंय, ही नेमकी कोण."

ही विद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची. उसाचे ट्रॅक्टरवाले नंबरपाट्या बदलून रांगेत पुढं घुसायचे, आण्णा पोच्यांवरून पकडायचे. निवृत्तीनंतर ट्रॅक्टर सुटले, शौक तेवढा श्रीमंत झाला.

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सुटली, फिरत फिरत इथं फौंड्रीत लागलो. ओळखपाळख नसताना खोली दिली ती आण्णांनीच. नाव कैकदा सांगितलं. "बरं, बरं" म्हणतात आणि तीन वर्षं "पावणं"च म्हणतात. उद्या यांचा पुण्याचा पोरगा परत आला तर या घरात आपण कोण, ही धाकधूक मला रोजची.

शेजारच्या लग्नात वरातीला लाल मोटार आली. नवरदेवाचे वडील मिशीला पीळ देत होते, "नवीकोरी हाय, थेट परदेशातनं!" आण्णा तोवर मोटारीखाली डोकं घालून.

"आण्णा, उठा की! वरात खोळंबलीया!" वऱ्हाडातलं एक पोरगं ओरडलं.

"थांब, चासी नंबर वाचतोय." मग खालूनच निकाल आला, "ही तर मूळची पिवळी! इचलकरंजीच्या लग्नात निळी हुती!"

बाहेर आले आणि आहेराचं पाकीट बँडमास्तरच्या हातात देऊन म्हणाले, "सुखानं संसार करा." लाल कोट बघून त्यालाच नवरदेव समजले. रंगावर गेले!

मागच्या महिन्यात मला टेम्पोनं उडवलं. मोबाईल, पाकीट गायब. शुद्ध आली तेव्हा दवाखान्यात होतो, तोंडभर पट्ट्या, बोलता येईना. इथं आपल्याला शोधायला येणार कोण?

तेवढ्यात दारातून सिस्टरचा आवाज आला, "पेशंटचं नाव सांगा, आजोबा."

दारात आण्णा! नाव कुठलं आठवायला? खुणाच सांगत सुटले.

"रातीपास्नं दवाखानं हुडकत फिरतोय. डाव्या भुवईवर जुनी खोक. उजव्या कोपराला भाजल्याचा डाग. डावा पाय जरा ओढतंय. हसताना तोंडावर हात धरतंय. आन् उशिरा आलं तर माझ्या दाराम्होरं चपला हातात घेतंय, मला जाग येऊ न्हाय म्हणून."

"तुमचे कोण?"

"घरातलं हाय, बाई. असलं दुसरं न्हाय."

खाटेशी आले, कपाळाची पट्टी हलकेच चाचपली. "ह्यो पोचा नवा. असू दे. ओरिजनलच हाय."

घरी आल्यावर पुन्हा "पावणं" सुरू झालं. मी नाव सांगायचं सोडून दिलंय.