सोपानच्या सूचना

संक्रांतीनंतरच्या सोमवारी सोपान टँकरचं पाणी शेंदायला विहिरीवर गेला. त्याचा पाय निसटला. दुपारी त्याला बीडला नेलं आणि संध्याकाळी परत आणलं. तो सोळा वर्षांचा होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते. ते दुसऱ्या दिवशी पोचले.

सोपान माझा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा. गावाला मात्र तो आमच्या दूधसंस्थेचा भोंगा म्हणूनच ठाऊक होता. मी त्या संस्थेचा सचिव. मराठीत एम. ए. केलं आणि गावात येऊन दुधाची मापं लिहू लागलो. बऱ्या साली वार्षिक सभेसाठी संस्थेनं एक भोंगा घेतला होता. दुधाची गाडी आली की त्यावरून सांगायचं काम माझ्याकडे होतं. पण माझा आवाज असा की भोंग्यातूनही मी कुजबुजतोय असंच लोकांना वाटायचं. एके दिवशी सोपाननं माझ्या हातातून माईक घेतला तो कायमचा.

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, दुधाची गाडी फाट्यावर आलेली आहे. ज्यांच्या म्हशीनं आज दूध दिलेलं न्हाई त्यांनी म्हशीलाच घेऊन यावं. तिला समजावून सांगण्यात येईल. सूचना संपली."

सुरुवात छापील भाषेत आणि शेवट स्वतःच्या, अशी त्याची पद्धत होती. दुष्काळ पडला, दूध आटलं, तेव्हा भोंग्यावर टँकरच्या सूचना सुरू झाल्या. टँकर गावाच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि सगळ्यांनी तिथून पाणी शेंदायचं. सोपान सांगायचा, "टँकर आलेला आहे. ड्रायव्हर नवीन आहेत, त्यांना कोणी शिव्या देऊ नयेत. जुन्या ड्रायव्हरला दिलेल्याच अजून पुरून उरल्यात. सूचना संपली."

माईक हातात नसला तरी त्याचं तेच. जेवताना माझ्या बायकोला म्हणायचा, "मामी, कालवणात मीठ जास्त झालेलं आहे. सूचना संपली."

"तुझं जेवणपण संपलं," ती ताट ओढत म्हणायची. "सूचना संपली."

दिवाळी झाली की तो आमच्याकडे राहायला यायचा. आक्का आणि दाजी मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून कारखान्याच्या मुलखात जायचे ते उन्हाळा लागल्यावर परतायचे. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, पण हिवाळाभर त्याला कुलूप. गावातल्या निम्म्या घरांची तीच तऱ्हा. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. सोपान तिसरीत असताना गुरुजींनी गणित घातलं होतं: लोहाराकडे पाच कोयते होते, त्यानं दोन विकले, किती राहिले? सगळ्या वर्गानं तीन म्हणून सांगितलं. सोपाननं उभं राहून विचारलं, "गुरुजी, त्या दोन कोयत्यांची पोरं कुणाकडं राहिली?" गुरुजी ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं हसत सांगायचे. मीही हसायचो.

हिवाळ्यात दिवस मावळताना त्याची एक जादा सूचना असायची. ती ना दुधाची, ना पाण्याची. ज्यांचे आईबाप तोडणीला गेलेत अशी पोरं अंधार पडला तरी पारावर खेळत राहायची. आज्यांचा आवाज तिथवर जात नसे. सोपान भोंगा लावून एकेकाचं नाव घ्यायचा. "गोकुळ, घरी जा, आजीनं पिठलं केलंय. मनीषा, तुझी शेळी तुझ्याआधी घरी गेली, काही लाज हाय का. अशोक, पाय धुऊन आत जायचं." कुणाच्या घरी काय शिजलंय याची बातमी तो कुठून काढायचा कोण जाणे. पोरं हसत पांगायची. सगळ्यांची नावं झाली की तो थोडा थांबायचा आणि त्याच आवाजात सांगायचा, "सोपान, ए सोपान. लई उशीर झाला बाबा, चल घरी." मग बटण बंद करून, माझ्या टेबलावरचं पुस्तक मिटवून म्हणायचा, "चला मामा, मला बोलावलंय."

गाव या शेवटच्या सूचनेला खूप हसायचं. भारी गंमत करतं पोरगं, म्हणायचं.

त्या शेवटच्या हिवाळ्यात त्यानं नवीनच खूळ काढलं. आक्का गेली त्याच आठवड्यात तो मामीच्या चुलीपुढे जाऊन बसला आणि म्हणाला, मला भाकरी शिकव. तिला वाटलं, दोन दिवसांत कंटाळेल. तो रोज बसू लागला. पीठ मळताना कपाळापर्यंत माखायचा. थापलेली भाकरी काही केल्या गोल होत नसे. तो ती हातावर धरून आम्हाला दाखवायचा आणि तालुका ओळखायला सांगायचा. ही आष्टी, लांबडी आली. ही गेवराई, गोदावरीच्या बाजूनं फुटली. बारकी झाली की वडवणी. एकदा तव्यावर टाकताना भाकरीचे दोन तुकडे झाले, तर म्हणाला, "तालुक्याचं विभाजन झालेलं आहे. कार्यालय कुठं ठेवायचं ते मामी ठरवतील." आम्ही महिनाभर जिल्हा खाल्ला.

संस्थेत ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. दूध घालायला येणारे नामदेव आबा रोज त्याची खोड काढायचे. "काय बे सोप्या, सासरी कधी धाडायचं तुला?" सोपान म्हणायचा, "आबा, स्थळ बघा की. मुलगा दहावी पास हाय, भाकरी येती." मामीनंही एकदा विचारलं, बाबा, कावून एवढा जीव काढतोस? तो म्हणाला, लग्नात हुंड्याऐवजी हीच सांगणार हाय.

त्याला भाजायचं कसं ते लवकर कळलं, थापायचं नाही. मामी म्हणायची, हात हलका ठेव, मारू नकोस तिला. तो जीभ दातांत धरून परत गोळा घ्यायचा. पीठ महाग झालेलं, म्हणून पार मोडलेली सगळी तोच खायचा.

मग तो सोमवार आला.

दहावं झाल्यावर मुकादम भेटायला आला. ओट्यावर मी, दाजी आणि नामदेव आबा बसलो होतो. आक्का आत, उंबऱ्याला टेकून. मामी तिच्या शेजारी. मुकादमानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग दाजींकडे न बघता माझ्याशी बोलू लागला.

"सचिव, पोरगं दिवाळीच्या आधी माझ्याकडं आलतं. म्हणलं, मुकादम, पुढल्या साली बाप-लेकाचा कोयता धरा, आईला घरी राहू द्या. मी म्हणलं, तोडणी जमंल बाबा तुला, पण फडावर भाकरी कोण थापणार? दोन गडी उपाशी मरताल. तर म्हणलं, तेवढंच नडतंय ना? ते मी बघतो. आन् आईला यातलं सांगू नका म्हणलं, ती न्हाई म्हणंल."

दाजींनी तोंड भिंतीकडे वळवलं. नामदेव आबा उठले, चपला न घालताच अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि तिथं पाठमोरे उभे राहिले.

आक्का आली तेव्हापासून कुणाशी एक अक्षर बोलली नव्हती. तिनं मामीकडे पाहिलं.

"जमली का गं त्याला?"

मामीनं पदरानं तोंड पुसलं. ती खोटं बोलेल असं मला वाटलं. ती खोटं बोलली नाही.

"गोल न्हाई यायची, आक्का. पण फुगायची. चांगली टम्म फुगायची."

आक्कानं मान हलवली. म्हणाली, "फुगली म्हंजे झालं की. गोल काय करायची."

त्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. दसऱ्याच्या सुमारास मुकादम आला तेव्हा दाजींनी धाकट्या भावाबरोबर कोयता धरला. फडावरच्या भाकरीचं विचारलं तर म्हणाले, आम्ही आमचं बघू. आक्का गेली नाही. मुकादमानंही तिला विचारलं नाही.

तिनं एक म्हैस घेतली आहे. सकाळ-संध्याकाळ ती संस्थेत दूध घालायला येते, मी माप लिहितो. आम्ही फारसं बोलत नाही. तिच्या घराला आता हिवाळ्यात कुलूप नसतं.